परसातले लाल चेंडू

नंदगडला वैशाखात जायचं ते काजू-फणसासाठी, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. मी जातो परसातल्या फुलांसाठी. यंदा मात्र जाताना पोटात गोळा होता. कारण सांगतो.

खानापूरच्या पुढचं आमचं हे गाव बहुतेकांना संगोळ्ळी रायण्णांमुळे ठाऊक असतं. २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी त्यांना इथेच फाशी दिली, त्यांची समाधीही इथेच आहे. माझं नंदगड मात्र मागच्या दारापासून सुरू होतं. तांबडी माती, धुण्याच्या दगडाशी सांडपाण्यावर पोसलेला अनंत, कुंपणाला अबोली आणि विहिरीकडे आज्जीचा मोगरा. थंडी सरली की ती त्याची पानं ओरबाडून फांद्या छाटते. लहानपणी मला ते क्रूर वाटायचं. पण मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीवर, त्यामुळे छाटणी चुकली की त्या वर्षी नुसता पाला.

आणि मे फ्लॉवर. वळवाचा एक पाऊस पडला की चार-सहा दिवसांत जमिनीतून सरळ दांडा वर येतो, आधी पानबीन काही नाही. त्यावर शंभराच्या आसपास बारीक फुलांचा एक लालभडक चेंडू. आठवडा-दहा दिवसांत खेळ संपतो. मग पानं येतात, पावसाळाभर कंदाला पोसतात आणि थंडीत सुकून जातात. हे कंद मूळचे आफ्रिकेतले, गुलमोहर मादागास्करचा, अनंत चीनकडचा. आमच्या परसात 'गावठी' म्हणता येणार नाहीत असेही बरेच! आज्जी दरवर्षी चेंडू मोजते आणि बेंगळुरूला फोन करून मला आकडा सांगते. गेल्या साली सतरा होते.

जानेवारीत संक्रांतीला मी गावी होतो. आज्जी आत्याकडे बेळगावला गेली होती. पावसाळ्यात परसात चिखल होतो, ती घसरते, म्हणून बाबांनी आणि मी पेव्हर ब्लॉक घालायचं ठरवलं. जागा रिकामीच दिसत होती. गवंड्यांनी माती चोपली, कच पसरली, दोन दिवसांत काम झालं. मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, अंगठ्यांचा पाऊस पडला. कंदांची आठवण एकालाही झाली नाही. बारा महिन्यांतले पाच-सहा महिने जे दिसतच नाही, ते आमच्या लेखी नव्हतंच.

मेमध्ये आज्जीचा फोन आला. "चार आलेत," म्हणाली. थोडं थांबून, "बाकीचे कुठं गेले रे?"

मी खरं सांगितलं नाही. शुक्रवारी रात्रीची बस धरली.

सकाळी पहार घेऊन ब्लॉक उचलायला लागलो, तर आज्जी काठी टेकत मागच्या दारात आली. "काय करालास रे?" मी ब्लॉक बाजूला केला. खाली पांढराफटक, चपटा झालेला कोंब, उजेड शोधत आडवा वाढलेला. दांड्याच्या टोकाशी मिटलेली कळी होती, फिकट गुलाबी. आज्जी पायरीवर बसली आणि कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या कोपऱ्यात बघ. तिकडं तीन हायत."

ती सांगत गेली, मी उचलत गेलो. डोळ्यांना आता नीट दिसत नाही तिला, पण कंदांच्या जागा पाठ. दुपारपर्यंत अकरा मिळाले, दोन कुजलेले. घरापासून न्हाणीपर्यंत चालायला एक पट्टी ठेवली, बाकीचे ब्लॉक भिंतीला रचले. बाबा आधी कुरकुरले, मग त्यांनीच शेणखताची पाटी आणली.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी हे कंद असतील तर पानं पिवळी पडेपर्यंत कापू नका, गुराढोरांपासून लांब ठेवा, कारण कंद विषारी असतो. आणि जागेवर एक खूण नक्की करा. आम्ही विटांचे तुकडे रोवलेत.

एक कंद आज्जीने वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या बॅगेत घातला. बेंगळुरूच्या बाल्कनीत त्याला दोन पानं आली आहेत. दर रविवारी ती फोनवर त्यांची लांबी विचारते. मी टेप लावून मोजतो आणि सांगतो.