जुन्या बुलेटची ‘आतली’ चेन किती ढिली हवी?

१९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेल्या बुलेटच्या जुन्या मॉडेलमध्ये दोन चेन असतात. मागचे चाक फिरवणारी चेन सर्वांना दिसते. इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणारी प्रायमरी चेन मात्र डावीकडच्या झाकणाआड तेलात फिरते, त्यामुळे दुर्लक्षित राहते. ती ढिली झाली की खडखडते. फार घट्ट केली तर क्रँक आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो.

चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. म्हणून इंजिन बंद ठेवून किकने हळूहळू फिरवावे आणि ठिकठिकाणी झोल तपासावा. जिथे ती सर्वांत घट्ट लागते, तिथे साधारण ६ मिलिमीटर झोल ठेवावा. तेल लेव्हल स्क्रूपर्यंतच भरावे. ॲडजस्टर संपूनही झोल उरला, तर चेन बदलावी.