बेस गिटार घ्यावी तर कोणती ?

गिटार म्हटली म्हणजे सहा तारांचें वाद्य बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तिची चार तारांची, लांब दांडीची बहीण फार थोड्यांस परिचित असते. आणि जे तिला ओळखतात त्यांनाही ती कानांनीं वेगळी अशी ऐकूं आलेली असतेच असें नाहीं. म्हणून आठवी-नववींतील एखादा विद्यार्थी घरीं बेस गिटारचा हट्ट धरतो, तेव्हां वडील साहजिकच विचारतात, “जें वाद्य ऐकूंच येत नाहीं, त्यासाठीं एवढे पैसे कां खर्चावयाचे?” हा प्रश्न वाजवी आहे, आणि त्याचें उत्तर दिल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे.

ऐकूं न येण्याचा दोष वाद्याचा नसून बहुधा आपल्या ऐकण्याच्या साधनाचा असतो. बेस गिटारच्या तारा साध्या गिटारच्या चार जाड तारांपेक्षां बरोबर एक सप्तक खालीं लावलेल्या असतात. तिची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते, सर्वांत बारीक तार सुमारें ९८ वेळां. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरांतून इतका खर्ज बाहेर पडूंच शकत नाहीं. तेंच गाणें पालकांनीं एकदां चांगल्या हेडफोननें ऐकावें, म्हणजे मुलगा कोणत्या स्वरामागें लागला आहे तें कळेल. तंबोऱ्याची खर्जाची तार तुटली असतां गवयास जसें पोरकें वाटतें, तसेंच बेस थांबली असतां सबंध वाद्यवृंदास वाटतें. शिवाय तालवाद्याचा हात धरून चालणें हेंही तिचेंच काम.

हें वाद्य सोयीपोटीं जन्मास आलें. पूर्वी हें काम पुरुषभर उंचीच्या डबल बेसकडे असे. तो नेण्या-आणण्यास जड, आणि ढोल व कर्णे यांच्या गजरांत त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेंतील सिॲटल येथें पॉल टटमार्क यांनीं १९३० नंतरच्या दशकांत विजेची, पडद्यांची बेस करून पाहिली होती, परंतु ती फारशी पसरली नाहीं. पुढें १९५१ मध्यें कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांनीं ‘प्रिसिजन बेस’ बाजारांत आणली. पडद्यांमुळें स्वर अचूक लागतो, म्हणून तें नांव. तिच्या तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच ठेवलेली होती, आणि आजही बहुतेक बेस गिटारी त्याच मापाच्या असतात.

विजेची गिटार म्हटली तरी तारांतून घरांतली वीज खेळत नाहीं. धास्तावलेल्या मातांसाठीं हें आधींच सांगून ठेवलेलें बरें. तारांखालच्या ‘पिक-अप’ मध्यें लोहचुंबक आणि त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचे हजारों वेढे असतात. पोलादी तार हालली कीं चुंबकीय क्षेत्र हालतें, आणि वेढ्यांत अति क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरेडे यांनीं १८३१ मध्यें जें विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तन दाखविलें, व जें दहावीचे विद्यार्थी पाठ करतात, तेंच हें. तो क्षीण प्रवाह मोठा करून स्पीकरकडे पाठविणें एवढेंच ॲम्प्लिफायरचें काम. यावरून खरेदीचें एक सूत्र निघतें : रंगावर, चकाकीवर आणि विचित्र आकारावर पैसे घालूं नयेत. आवाजाचा मोठा भाग तारा, पिक-अप, ॲम्प्लिफायर आणि वाजविणाराचीं बोटें ठरवितात. बोटांचें सुखदुःख ठरविते ती दांडी.

आतां मुख्य गोष्ट, म्हणजे लांबी. लहान वयाच्या शिकाऊची निम्मी निराशा येथेंच होते, आणि दुकानांत तिचा विचार कोणी करीत नाहीं. ३४ इंची बेसवर वरच्या टोकापासून पहिला पडदा सुमारें ४८ मिलिमीटरवर येतो. पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंतचें अंतर सुमारें १३० मिलिमीटर भरतें. एवढ्या पट्ट्यांत चार बोटें ताणून धरावीं लागतात. ३० इंची, म्हणजे आंखूड मापाच्या बेसवर हेंच अंतर सुमारें ११४ मिलिमीटर होतें. पाऊण इंचाहून थोडा कमी फरक. पण बारा वर्षांच्या मुलाच्या तळहातास विचारा! आमच्या माहितीच्या एका मुलास हौसेनें पांच तारांची, रुंद दांडीची, लांब बेस मिळाली. तीन महिन्यांत त्याचें मनगट दुखूं लागलें, आणि “मला हें जमत नाहीं” अशी त्याची समजूत झाली. न जमणारी होती ती दांडी. पण हें त्यास सांगणारें जवळ कोणी नव्हतें.

म्हणून मुलास वा मुलीस बरोबर नेल्यावांचून बेस घेऊं नये. तिला खुर्चीवर ताठ बसवावें, वाद्य मांडीवर द्यावें, डाव्या हाताची तर्जनी पहिल्या पडद्यापाशीं ठेवावयास सांगावें, आणि मनगट न मुरडतां करंगळी चौथ्यापर्यंत पोंचते कीं नाहीं तें पाहावें. पोंचली तर ३४ इंची खुशाल घ्यावी. ओढाताण होत असेल तर ३० इंची. त्याहूनही लहान, २८.६ इंचांची बेस मिळते. आयबानेझची ‘मायक्रो’ व स्क्वायरची ‘मिनी’ ही त्या मापाचीं उदाहरणें. आंखूड बेस म्हणजे खेळणें, हा समज मात्र सोडून द्यावा. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनीं १९६१ मध्यें हँबुर्ग येथें व्हायोलिनच्या आकाराची जी हॉफनर बेस स्वस्त म्हणून घेतली, ती आंखूडच होती. तिचीच जात त्यांनीं पुढें जगभर वाजविली. उभें राहून वाजवावयाचें तर वजनही पाहावें. सुमारें चार किलोंचें ओझें अर्धा तास खांद्यावर राहतें, म्हणून पट्टा रुंद असावा.

तारा चारच असाव्या. पांचवी तार पुढें हवीशी वाटली तर तेव्हां पाहतां येईल. पिक-अपचे दोन प्रसिद्ध प्रकार आहेत. ‘प्रिसिजन’ पद्धतीचा दोन तुकड्यांत विभागलेला पिक-अप १९५७ पासून आला. त्यांत घरांतील विजेची घुमघुम आपोआप कटते. ‘जॅझ’ पद्धत १९६० ची. तिची दांडी वरच्या टोकास सुमारें ३८ मिलिमीटर, म्हणजे प्रिसिजनहून अरुंद, व लहान हातास सोईची. कांहीं बेसमध्यें नऊ व्होल्टची बॅटरी लागते. अशा बेसची पिन वाजवून झाल्यावर काढून ठेवावी, नाहींतर बॅटरी रात्रभर जळत राहते. बॅटरीवांचून चालणारी साधी बेस नवशिक्यास अधिक बरी.

परवडणाऱ्या किंमतींत स्क्वायर, यामाहा व आयबानेझ या तीन नांवांपाशीं प्रथम जावें. स्क्वायर हें फेंडरचेंच स्वस्त मालासाठीं १९८२ पासून वापरांत असलेलें नांव आहे. त्यांची ‘ब्रॉन्को’ ३० इंची असते. यामाहाची ‘टीआरबीएक्स १७४’ ही लांब मापाची, साधी व टिकाऊ. किंमती वर्षागणिक बदलतात, म्हणून येथें आंकडे देत नाहीं. परंतु ठरविलेल्या रकमेतून निदान चौथा हिस्सा ॲम्प्लिफायर, केबल, पट्टा व पिशवी यांसाठीं राखून ठेवावा. सगळी रक्कम बेसवर घालवून तिला घरीं मुकी ठेवणारे पालक थोडे नाहींत.

ॲम्प्लिफायर बेससाठींच केलेला असावा. साध्या गिटारच्या ॲम्प्लिफायरवर मोठ्यानें खर्ज वाजविला तर त्याचा स्पीकर फाटण्याचा संभव असतो. घरीं सरावास १५ ते २५ वॅट पुष्कळ झाले. चाळींत किंवा फ्लॅटमध्यें राहणाऱ्यांनीं हेडफोनचें भोंक असलेलाच घ्यावा. खर्ज भिंतींतून आरपार जातो, आणि शेजाऱ्यांचा काय अपराध?

दुकानांत, विशेषतः जुनी बेस घेतांना, घाई करूं नये. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा एकेकदां वाजवावा. कोठें तार खडखडते वा स्वर मरतो तें लगेच कळतें. बाराव्या पडद्यावर तारेची उंची दोन-अडीच मिलिमीटरच्या आसपास असावी. फार उंच असेल तर बोटें सोलून निघतील. दांडीच्या कडेवरून हात फिरवावा, पडद्यांचीं टोकें टोंचतां कामा नयेत. बाराव्या पडद्याशीं तारेची लांबी बरोबर निम्मी होते. तेथें नुसतें बोट टेकवून निघणारा स्वर आणि तार दाबून निघणारा स्वर एकच यावयास हवा. न आल्यास घोडी सरकवून तो जुळवितां येतो. कळा फिरवून खरखर होते का पाहावें. ती बहुधा साध्या साफसफाईनें जाते. परंतु दांडी पिळलेली असेल, किंवा खुंट्यांखालीं लांकडास चीर असेल, तर वाद्य कितीही स्वस्त मिळो, तेथून उठून यावें.

हें वाद्य मुलांचेंच आहे असें मुलींनीं मुळींच समजूं नये. अमेरिकेंत कॅरल के यांनीं १९६० नंतरच्या दशकांत अगणित ध्वनिमुद्रणांत बेस वाजविली, आणि आपल्या मुंबईंत वाढलेल्या मोहिनी डे यांचें नांव आज जगभर घेतलें जातें.

घरीं आणल्यावर पहिले कांहीं आठवडे बोटांचीं टोकें दुखतील. दिवसाला वीस मिनिटें पुरेत. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या, नाहींतर घामानें त्या गंजतात. कोंकणांत व मुंबईस पावसाळ्यांत दांडी दमटपणानें किंचित्‌ वांकते आणि जून महिन्यांत गोड वाजणारी बेस ऑगस्टांत खडखडूं लागते. अशा वेळीं ती बिघडली असें समजून विकूं नये. दांडीच्या पोटांत एक लोखंडी सळई असते. जाणत्या कारागिराकडून ती थोडीशी फिरवून घेतली म्हणजे दांडी पुन्हा सरळ येते. हें काम मुलांनीं स्वतः पान्हा घेऊन करूं नये. सळई जास्त पिळली गेली तर सबंध दांडीच बदलावी लागते.