फायब्रिनोजेनचे पांघरूण

रक्तातील बिंबाणू, म्हणजे रोजच्या बोलण्यातील प्लेटलेट, एकमेकांना कितपत चिकटतात हे पाहण्याची जी पद्धत गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केली, ती गढूळ द्रव निवळण्याच्या साध्या घटनेवर उभी आहे. सोडियम सायट्रेट मिसळून गोठण्यापासून रोखलेले रक्त यंत्रात संथ गतीने फिरवले की जड तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर बिंबाणूंनी भरलेला पिवळसर, धुरकट रक्तद्रव उरतो. तो ३७ अंश सेल्सिअसला बारीक काचनळीत ढवळत ठेवून त्यातून प्रकाश सोडतात आणि आरपार किती प्रकाश जातो हे आलेखावरील रेघेने नोंदवतात. एडीपी हे उत्तेजक द्रव्य घातले की रेघ आधी किंचित खाली येते, कारण चपटे बिंबाणू प्रथम गोल व काटेरी होतात, आणि मग त्यांच्या गुठळ्या बनून द्रव निवळू लागतो तशी ती झपाट्याने चढते.

एडीपीऐवजी गळवांना कारणीभूत होणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू घातला, तर रेघ काही मिनिटे जवळपास सपाट राहते आणि नंतर एकाएकी चढते. या विलंबाच्या काळात जंतूच्या पृष्ठभागावरील ‘क्लंपिंग फॅक्टर ए’ हे प्रथिन रक्तातील फायब्रिनोजेनला, म्हणजे गुठळीचे धागे ज्यापासून बनतात त्या प्रथिनाला, पकडते आणि त्याच्या दुव्याने, प्रतिपिंडांच्या साहाय्याने, बिंबाणूंना आपल्याकडे ओढते.

विलक्षण गोष्ट अशी, की हाच जंतू ‘ईएफबी’ नावाचे एक लहान प्रथिन बाहेर सोडतो, आणि ते शुद्ध स्वरूपात आधी मिसळले तर बिंबाणूंचे एकत्र येणे मंदावते. त्याचे एक टोक फायब्रिनोजेनला धरते, तर दुसरे पूरक प्रथिनांपैकी ‘सी-३’ला, जे जंतूवर चिकटून भक्षक श्वेतपेशींना खूण पटवते. ही दोन्ही टोके मिळून जंतूभोवती फायब्रिनोजेनचे पांघरूण घालतात. खूण आत दडते आणि पेशी वरून हात फिरवूनही आतल्या शत्रूला ओळखत नाही. अशा प्रथिनांना सरसकट विष म्हणणे अपुरे वाटते, कारण पेशी मारण्याचे काम त्यांचे नव्हेच. यजमानाच्याच साहित्याने ती यजमानाची यंत्रणा निष्प्रभ करतात.

हा जंतू ओळखण्याची नेहमीची नळीतील चाचणीही याच स्वभावावर बेतलेली आहे. सशाच्या रक्तद्रवात जंतू मिसळले, की त्यांचे कोॲग्युलेज हे प्रथिन प्रोथ्रॉम्बिनला न कापताच कार्यान्वित करते आणि नळी कलती केली असता आतला द्रव थिजलेला दिसतो. मात्र नळी ४ तासांनी पाहावीच लागते. ती केवळ दुसऱ्या दिवशी पाहणाऱ्याची फसगत होऊ शकते, कारण काही वाणांचे स्टॅफिलोकायनेज हे दुसरे प्रथिन रात्रीतून तीच गुठळी विरघळवून टाकते.