साखळीने कुत्रा राखणीचा होत नाही

रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांत आणि कलमांच्या बागांत दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा ही नेहमीची गोष्ट आहे. बांधून ठेवला की कुत्रा तिखट होतो आणि राखणीला चांगला होतो, असा त्यामागचा समज. त्यामुळे कुत्र्याला शिकवणं म्हणजे त्याला बांधणं आणि चुकला की काठी उगारणं, एवढ्यावर विषय संपतो. यातलं अर्धं खरं आहे. बांधलेला कुत्रा चिडखोर होतो; राखणीचा मात्र होत नाही. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात 1991 साली घराबाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच चावलेल्या कुत्र्यांची तुलना त्याच भागातल्या न चावलेल्या कुत्र्यांशी केली गेली. 1994 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा चावण्याची शक्यता इतरांच्या 2.8 पट आढळली. मुळात चावरा म्हणूनच तो बांधला असेल, असं कुणी म्हणेल. ही शंका रास्त आहे, आणि एका पाहणीने ती पूर्ण मिटत नाही. पण कारण समजायला अवघड नाही. घाबरलेल्या जनावरापुढे दोन वाटा असतात, लांब जाणं किंवा अंगावर जाणं. साखळी पहिली वाट बंद करते.

राखण म्हणजे फरक ओळखणं. रोजचा दूधवाला, शाळेतून येणारी पोरं आणि रात्री कुंपण ओलांडणारा माणूस हे कुत्र्याला वेगवेगळे कळायला हवेत, आणि ते माणसांत वावरल्याशिवाय कळत नाहीत. बांधलेला कुत्रा सगळ्यांवरच भुंकतो, म्हणून काही दिवसांनी त्याच्या भुंकण्यावर घरातलं कुणी उठतही नाही. शिवाय पोस्टमन पत्र टाकतो आणि निघून जातो. कुत्र्याच्या हिशेबाने मात्र आपण भुंकलो म्हणून तो गेला. रोज हा धडा पक्का होत जातो. ज्या वागण्याचा फायदा होतो ते वागणं कुत्रा पुन्हा करतो. अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याला आपण ओरडत हाताने ढकलतो, तेव्हा त्याला हवं असलेलं लक्षच त्याला देत असतो. त्याऐवजी पाठ फिरवावी, आणि चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच कौतुक करावं. लगेच म्हणजे एक-दोन सेकंदांत. उशिरा दिलेला खाऊ भलत्याच वागण्याला जोडला जातो.

मारण्याचं समर्थन करताना हमखास दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, मालक कोण हे त्याला दाखवून द्यावं लागतं. कळपात दांडगाईने वरचढ ठरणारा म्होरक्या असतो, ही यामागची कल्पना बंदिस्त लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणांवर उभी आहे. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ती लोकप्रिय केली, आणि 1999 मध्ये त्यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पिल्लं. दुसरी, चूक केल्यावर तो मान खाली घालतो, म्हणजे त्याला कळलेलं असतं. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये हे तपासलं. कुत्र्याने खाऊ चोरला असो वा नसो, मालक रागावला की तो ‘अपराधी’ चेहरा दिसत होता. ती आपल्या रागाची भीती असते. सकाळी कुरतडलेल्या चपलेसाठी संध्याकाळी बसलेला फटका त्याला काहीच शिकवत नाही.

‘हे सगळं लॅब्रेडॉरसाठी ठीक, गावठी कुत्रा काय शिकणार?’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त खुपतो. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या भारतीय कुत्र्यांचाच अभ्यास करतात. कुणीही न शिकवलेले हे कुत्रे अनोळखी माणसाने बोट दाखवलेल्या भांड्याकडे जातात, हे त्यांनी दाखवलं. त्यांच्याच आणखी एका प्रयोगात, अनोळखी माणसावर विश्वास बसायला खाऊपेक्षा अंगावरून फिरवलेला हात जास्त उपयोगी ठरला. तेव्हा खाऊ म्हणजे लाच, ही तक्रारही फारशी टिकत नाही. सवय पक्की होईपर्यंत खाऊ, पुढे शाबासकी पुरते.

कुत्रा मोकळा ठेवला तर बिबट्या नेईल, ही भीती खरीच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात तो वाड्यांपर्यंत येतो आणि कुत्रे उचलतो. पण बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. त्याला रात्री दार लागणाऱ्या पडवीत किंवा घरात घ्यावं. तिथूनही त्याला चाहूल लागते आणि भुंकताही येतं.

बाहेर नेताना मात्र पट्टा हवाच, आणि त्यात साखळीसारखं काही नाही, कारण दुसरं टोक आपल्या हातात असतं. भाट्ये किंवा मांडवीच्या किनाऱ्यावर सोडण्याआधी तो हाकेला येतो का, हे आधी अंगणात पाहावं. उशिरा आला म्हणून रागावलात, तर पुढच्या वेळी तो आणखी उशिरा येईल. आला की आनंदच दाखवा. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात आणि कुत्रे ती उकरतात, म्हणून त्या महिन्यांत वाळूवर पट्टा सोडूच नये. नवं पिल्लू आणणार असाल, तर तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंतचा काळ वाया घालवू नका. माणसं, रिक्षा, गुरं, पावसाचा आवाज यांची ओळख तेव्हाच होते. लसी पूर्ण व्हायच्या असतील, तर त्याला कडेवर घेऊन फिरवा.