खाण्याचा सोडा

मी लहान असताना आमच्या स्वयंपाकघरातील फडताळात दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेले असत. दोन्हींत पांढरी भुकटी असे. एकात खाण्याचा सोडा आणि दुसऱ्यात धुण्याचा. एके दिवशी घरी पाहुणे आले. आईने घाईघाईने कांद्याची भजी करावयास घेतली आणि तिच्या हातून नको तो डबा उघडला गेला. भजी दिसावयास सुरेख, तांबूस झाली होती. पण पहिला घास घेताच पाहुण्यांचा चेहरा बदलला. जिभेवर साबणासारखी कडू चव पसरली आणि घशात चरचरू लागले. चिमूटभरच सोडा पडला असल्यामुळे पाणी पिऊन सर्वांचे निभावले. मला मात्र तेव्हापासून एका प्रश्नाने घेरले. दोन्ही जर सोडेच, तर एक पोटात चालतो आणि दुसरा का चालत नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे आपण स्वयंपाकघरातून थेट बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराकाठी जाऊन पोहोचतो. काळ्या कातळात उल्का आदळून झालेल्या सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाच्या या विवरात खारे पाणी साठले आहे. विष्णूने लवणासुराचा वध केला ती ही जागा, असे तेथील लोक सांगत आले आहेत, आणि गावातील दैत्यसूदनाचे मंदिर त्या कथेची आठवण देत उभे आहे. मात्र हे पाणी समुद्रासारखे नुसते मिठाचे नाही. त्यात मिठाबरोबर आपले हे दोन्ही सोडे विरघळलेले आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे काठावर क्षारांचे पापुद्रे धरत आणि पूर्वी लोक ते गोळा करून नेत. साबण व काच करण्यास लागणारे पदार्थ येथे मिळतात, अशी नोंद अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’ या ग्रंथातही आहे. पुढे इ. स. २०२० मध्ये या सरोवराची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली.

ज्या गावी लोणार जवळ नव्हते, तेथील गृहिणी काय करीत असतील? त्यांच्यापाशी चुलीतील राख होती. लाकडाच्या राखेतही सोड्याच्याच जातीचा एक क्षार असतो. राखेने घासलेली तेलकट भांडी लख्ख होत, ती नुसत्या घासण्याच्या जोराने नव्हे, तर या क्षाराच्या गुणानेही. आज आपण सोड्याकडून जी कामे करून घेतो, त्यांतील निम्मी तरी आपल्या आजीची राख मुकाट्याने करीत असे.

आजचा सोडा कारखान्यात तयार होतो. बेल्जियममधील अर्नेस्ट सॉल्वे याने इ. स. १८६१ मध्ये त्याची स्वस्त रीत शोधून काढली. मिठाच्या दाट पाण्यात अमोनिया मिसळावयाचा आणि चुनखडी भाजून निघालेला कर्बवायू त्यातून सोडावयाचा. म्हणजे खाण्याच्या सोड्याचे पांढरे कण तळाशी बसतात. हे कण तापवले की त्यांतील पाणी व थोडा कर्बवायू निघून जातो आणि मागे धुण्याचा सोडा राहतो. मीठ आणि चुनखडी दोन्ही हाताशी असावी लागत असल्याने असे कारखाने बहुधा ती मिळतील अशा जागी निघाले. सौराष्ट्रातील ओखामंडळात मिठापूर आहे. तेथे इ. स. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सचा कारखाना उभा राहिला. गावाचे नावच किती बोलके आहे!

वरील कृतीत आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. खाण्याच्या सोड्यात कर्बवायू अधिक प्रमाणात बांधलेला असतो. म्हणून तो सौम्य. तो वायू निघून गेला की उरतो तो धुण्याचा सोडा. हा कितीतरी तिखट; तो लोकर व रेशीम यांना खराब करतो, मग घशाची काय कथा? १०० ग्रॅम खाण्याचा सोडा तापवून पूर्ण कोरडा केला, तर जेमतेम ६३ ग्रॅम धुण्याचा सोडा हाती येतो. उरलेले ३७ ग्रॅम वाफ आणि वायू होऊन हवेत जातात.

भजी किंवा ढोकळा फुगतो तो या वायूमुळेच. पण येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. पिठात ताक, दही किंवा लिंबू असेल, तर आंबटपणा सोड्याशी संयोग पावतो, वायू भराभर सुटतो आणि सोडा खर्ची पडतो. आंबट काहीच नसेल किंवा सोडा जास्त पडला, तर उष्णतेने उरलेल्या सोड्याचा धुण्याचा सोडा बनतो आणि पदार्थ कडवट लागतो. म्हणजे आमच्या घरी जो प्रकार एकदा चुकून घडला, तो हाताचा अंदाज चुकला की थोड्या प्रमाणात कोणाच्याही कढईत घडू शकतो. छोले लवकर शिजावेत म्हणून कित्येकजण सोडा घालतात. दाणे मऊ होतात हे खरे. परंतु त्यांतील ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. रात्रभर भिजत घालण्याचे कष्ट वाचवण्यासाठी एवढी किंमत देणे मला तरी परवडणारे वाटत नाही.

आता सफाईच्या कामांकडे वळू. खाण्याच्या सोड्याचे कण मऊ असतात. चहाच्या कपांवरचे तांबूस डाग ओल्या फडक्यावर थोडा सोडा घेऊन चोळले की निघतात आणि कपाला ओरखडा पडत नाही. या मऊपणाचा उपयोग फार मोठ्या कामीही झाला आहे. न्यूयॉर्क येथील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची दुरुस्ती इ. स. १९८६ मध्ये पुरी झाली. तेव्हा पुतळ्याच्या आतील बाजूस बसलेला डांबराचा जुना थर काढावयाचा होता. पण तांब्याचा पत्रा पातळ, वाळूचा मारा त्याला सोसला नसता. म्हणून हवेच्या दाबाने सोड्याची भुकटी फेकून तो थर काढण्यात आला.

भांडे करपले, तर त्यात पाणी व दोन चमचे सोडा घालून उकळावे आणि निवू द्यावे. खरवड सुटून येते. मात्र हे स्टीलच्या भांड्याविषयी झाले. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा उकळू नये, ते काळे पडते. तांब्यापितळेची भांडी सोड्याने उजळत नाहीत, कारण त्यांच्यावरील काळपटपणाला आंबट पदार्थ हवा. तेथे चिंचच बरी.

दुर्गंधीच्या बाबतीतही असाच विवेक करावा लागतो. आंबलेले दूध किंवा खवट लोणी यांचा वास आम्ल पदार्थांचा असतो. सोडा त्या आम्लांना बांधून टाकतो आणि डब्याचा वास जातो. मासळीचा वास मात्र अल्कधर्मी पदार्थांचा. त्यावर सोड्याची मात्रा चालत नाही. म्हणूनच आपल्या कोकणातील सुगरणी मासळी हाताळल्यावर हाताला लिंबू चोळतात.

सोडा आणि शिरका एकत्र केला म्हणजे सफाई दुप्पट होते, असा एक समज अलीकडे फार पसरला आहे. फसफस पाहून मन प्रसन्न होते, यात शंका नाही. परंतु ही फसफस म्हणजे दोघांनी एकमेकांचा गुण नाहीसा केल्याची खूण होय. वायू उडून गेल्यावर मागे उरते ते बहुतांशी एका साध्या क्षाराचे पाणी. आधी सोडा वापरून धुवावे आणि मग हवे तर शिरका लावावा, हे शहाणपणाचे.

सर्वांत मौजेचा उपयोग चांदीच्या भांड्यांचा. हवेतील गंधकाच्या अंशाने चांदी काळी पडते. रांगोळीने घासली तर काळिमा जातो खरा, पण त्याबरोबर चांदीही झिजते. त्याऐवजी काचेच्या किंवा चिनी मातीच्या पसरट भांड्यात, पोळ्या गुंडाळण्यासाठी मिळणारा ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद अंथरावा. त्यावर निरांजन, वाटी, जे असेल ते टेकवून ठेवावे आणि सोडा व थोडे मीठ घातलेले कढत पाणी ओतावे. काही मिनिटांत चांदी उजळते, किंचित कुजकट वास येतो आणि कागद मलूल होतो. चांदीला चिकटलेला गंधक ॲल्युमिनियम ओढून घेते आणि चांदी जागच्या जागी मोकळी होते. नक्षीच्या खाचांत मुद्दाम राखलेली काळी छटा हवी असेल, किंवा दागिन्यात खडे बसवलेले असतील, तर मात्र हा प्रयोग करू नये.

हस्तकलेलाही सोडा उपयोगी पडतो. दोन वाट्या सोडा, एक वाटी मक्याचे पीठ आणि सव्वा वाटी पाणी एकत्र करून मंद आचेवर ढवळावे. मिश्रण घट्ट गोळ्यासारखे झाले की उतरवून ओल्या फडक्याखाली निवू द्यावे. ही पांढरीशुभ्र माती मऊ असते; तिच्या पणत्या, फळे, बैल हवे ते करून सावलीत वाळवावे व मग रंगवावे. सोड्याच्या पाण्यात काडी बुडवून कागदावर लिहावे. वाळल्यावर काहीच दिसत नाही. नंतर त्यावरून हळदीच्या पाण्याचा बोळा फिरवला की पिवळ्या कागदावर तांबूस अक्षरे उमटतात. साबण लागताच कपड्यावरचा हळदीचा डाग लाल होतो, त्याचेही कारण हेच.

सोड्याचे आणखी एक काम मोलाचे आहे. कढईतील थोड्याशा तेलाने पेट घेतला, तर त्यावर पाणी कधीही ओतू नये. जळते तेल चहूकडे उडते. शेगडी बंद करावी, कढईवर झाकण सरकवावे, किंवा सोडा मुठीमुठीने टाकावा. चिमटीने भागत नाही. आणि घाईत सोडा समजून पीठ टाकू नये. पीठ स्वतःच पेटते.

येथे पुन्हा ती दोन डब्यांची गोष्ट आठवते. पांढऱ्या भुकटीतून सोडा ओळखावा कसा? लिंबू पिळले तर दोन्ही सोडे फसफसतात. हळद लावली तर दोन्ही लाल करतात. भुकटी परीक्षानळीत तापवून, निघणारा वायू चुन्याच्या निवळीतून सोडला, तर खाण्याच्या सोड्याने निवळी दुधाळ होते आणि धुण्याच्या सोड्याने होत नाही. ही परीक्षा प्रयोगशाळेत ठीक. पाहुणे पाटावर बसले असता ती कोण करणार? आईने दुसऱ्याच दिवशी एका डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहून चिकटवले, आणि धुण्याच्या सोड्याचा डबा फडताळातून निघून न्हाणीघरातील उंच कोनाड्यात गेला. तो पुन्हा स्वयंपाकघरात आला नाही.