तेलाचे माप आणि तेलाचे वजन

रायपूरच्या गोलबाजारात किंवा आपल्या गावच्या पेठेत तेलाचे दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेले आढळतात. एकावर '१५ लिटर' असे छापलेले असते, तर दुसऱ्यावर '१५ किलो'. डबे दिसायला सारखेच. समजा, पहिल्याची किंमत २,१०० रुपये आहे आणि दुसऱ्याची २,२५०. अशा वेळी दीडशे रुपये वाचले, या समाधानात आपण पहिला डबा घरी आणतो. हे समाधान कितपत खरे आहे?

लिटर हे जागेचे माप आहे आणि किलो हे वजनाचे. पाण्याच्या बाबतीत ही दोन्ही मापे जुळतात, कारण एक लिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक किलोच भरते. त्यामुळे लिटर म्हणजेच किलो, अशी आपली समजूत होऊन बसते. तेल मात्र पाण्याहून हलके. देवघरातल्या काचेच्या पेल्यात खाली पाणी आणि वर तेल घालून दिवा लावतात, तेव्हा ही गोष्ट रोज डोळ्यांसमोर असते. शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते. जवसाचे तेल थोडे जड असते.

आता वरील हिशेब पाहू. १५ लिटर तेलाचे वजन होते सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम. म्हणजे त्या डब्यातले तेल किलोला सुमारे १५४ रुपये पडले, तर महाग वाटणाऱ्या डब्यातले १५० रुपयेच! घरच्या वापरासाठी एवढे ध्यानात ठेवावे : लिटरचे किलो करताना ०.९१ ने गुणावे, किलोचे लिटर करताना १.१ ने.

हा घोटाळा आजचा नव्हे. पूर्वी मापाचा शेर निराळा आणि वजनाचा शेर निराळा असे. वजनाचा ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. परंतु गावोगावी त्याचे मान बदलत असे. १९५६ च्या कायद्यान्वये, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापे आली आणि गावोगावचा हा भेद संपला. माप व वजन यांतील भेद मात्र निसर्गाचाच असल्यामुळे कायद्याने तो नाहीसा होणे शक्य नव्हते.

त्यात उष्णतेची भर पडते. तापल्यावर तेल फुगते; तितक्याच जागेत मग कमी तेल मावते. रायपुरात जानेवारीच्या पहाटे पारा १५ अंशांच्याही खाली उतरतो आणि मे महिन्यात ४५ पर्यंत चढतो. एकच लिटरचे माप या दोन वेळी भरून ताजव्यात घातले, तर उन्हाळ्यातले तेल सुमारे २० ग्रॅमांनी कमी भरेल. यात दुकानदाराची लबाडी नाही आणि मापही खोटे नाही.

परंतु या गुणाचा आधार घेऊन पिशवीवर लिटरच्या आकड्याशेजारी एखादे उच्च तापमान छापले, तर ग्राहकाचे नुकसान होते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे सोयाबीनचे एक लिटर तेल २१ अंशांवर ९१९ ग्रॅम भरते, तर ६० अंशांवर केवळ ८९२.६ ग्रॅम. कोणाच्या घरात तेल ६० अंशांवर ठेवलेले असते? म्हणूनच ऑगस्ट २०२२ मध्ये या विभागाने उत्पादकांना सूचना दिली, की तापमानाचा उल्लेख गाळून लिटरबरोबर वजनही छापावे, आणि त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत दिली.

तेव्हा पिशवी हाती घेताच लिटरच्या ठळक आकड्यावर न थांबता शेजारचा ग्रॅमचा आकडा वाचावा, आणि किंमत त्याच्याशी ताडून पाहावी. थंडी असो वा उन्हाळा, वजन बदलत नाही. आणि आपण पैसे मोजतो ते तेलासाठी, त्याने व्यापलेल्या जागेसाठी नव्हे.