मधुमेही बालकाला हिशेबात भागीदार करताना

पर्युषणाचा तिसरा दिवस. नगर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी, धान्याची आडत असलेल्या कुटुंबात संध्याकाळची जेवणे सूर्यास्तापूर्वी आटोपली होती. घरातील आठ वर्षांच्या मुलीने दादीबरोबर प्रथमच चौविहाराचे पच्चक्खाण घेतले होते आणि त्याचा तिला मोठा अभिमान वाटत होता. स्थानकात मैत्रिणींबरोबर खेळण्याच्या घाईत ताटातील अर्धे अन्न मात्र पोटात गेलेच नव्हते. इन्सुलिन मात्र नेहमीच्या जेवणाच्या हिशेबाने दिले गेले होते. रात्री प्रतिक्रमणाहून परतलेल्या दादीने नातीच्या डोक्यावरून हात फिरविला, तेव्हा केस घामाने चिंब होते. ग्लुकोमीटरवर ५४ हा आकडा आला. आईने ग्लुकोजचे पाणी पुढे केले, तर मुलीने ओठ घट्ट मिटून घेतले. “माझे पच्चक्खाण आहे,” एवढेच ती म्हणाली.

बऱ्याच विनवण्यांनंतर ते पाणी पोटात गेले. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले असता आकडा ९२ झाला होता. त्यानंतर ती रडू लागली. नियम मोडल्याचे दुःख तर होतेच. पण रडता रडता तिने हेही सांगितले की हात थरथरू लागल्याला बराच वेळ झाला होता. सांगितले असते तर खावे लागले असते, म्हणून ती गप्प बसली होती. ती तशीच झोपी गेली असती तर, या विचाराने घरातील मोठ्यांना त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी व्याख्यानानंतर दादीने महासतीजींना हा प्रसंग निवेदन केला. महासतीजींनी मुलीला जवळ बसविले आणि पच्चक्खाणाच्या पाठात जे आगार, म्हणजे सवलती, आधीपासूनच सांगितलेल्या असतात त्यांचा अर्थ उलगडून दाखविला. तीव्र व्याधीने समाधी ढळू लागली तर औषध घेण्याची मोकळीक त्या पाठातच आहे. ती घेतल्याने पच्चक्खाणाचा भंग होत नाही. साखर घटलेल्या वेळी ग्लुकोज हे तिचे औषध आहे. मुलीने शांतपणे ऐकले आणि विचारले, “मग हे मला आधी कोणी का सांगितले नाही?”

प्रश्न रास्त होता. मधुमेहाचे निदान झाल्यापासून दोन वर्षे तिचे सर्व काही आईच करीत आली होती. बोट टोचणे, आकडा पाहणे, युनिट ठरविणे, सुई देणे, हे सारे आईकडे. मुलीकडे केवळ हात पुढे करणे. धर्माचा नियम तिला समजावून दिला गेला होता, आजाराचा नियम मात्र कोणीही समजावला नव्हता.

बालवयात होणारा हा टाइप १ मधुमेह प्रौढांच्या मधुमेहाहून वेगळा. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड अधिक खाल्ल्याने तो होत नाही, आईच्या गरोदरपणातील कोणत्याही चुकीने होत नाही. घरोघरी हा आरोप आजही सुनेच्या वाट्याला येतो, म्हणून स्पष्ट लिहिणे भाग आहे. इन्सुलिनला पर्याय नाही. काढे, चूर्णे यांच्या भरवशावर ते बंद केल्यास बालकाचा जीव धोक्यात येतो. काही श्रावकांच्या मनात आणखी एक शंका असते. पूर्वी इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढीत, हे खरे आहे. परंतु १९८२ मध्ये अमेरिकेत जनुकीय तंत्राने तयार केलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली आणि आज मुलांना सर्रास दिले जाणारे इन्सुलिन सूक्ष्मजीव किंवा यीस्ट यांच्या साहाय्याने बनते.

मुलाला या कामात कसे सामील करावे, हे व्यापारी घराला वेगळे शिकविण्याची गरज नसावी. पेढीवर मुलगा तयार होतो तो कसा? आधी तो नुसता गादीवर बसून पाहतो. मग सुटे पैसे मोजतो, वजन करतो, काही वर्षांनी रोजमेळ लिहितो. तिजोरीची किल्ली सर्वांत शेवटी मिळते आणि मिळाल्यावरही वडील संध्याकाळी वही पाहतातच. त्या कुटुंबाने, कळत-नकळत, हाच क्रम धरला.

आरंभ निवडीपासून झाला. सुई घ्यायची की नाही, हा प्रश्न मुलीपुढे कधीच ठेवला नाही. आज कोणते बोट आणि पोट की मांडी, हे मात्र तिने ठरवायचे. एकाच जागी वारंवार सुई दिल्यास तेथे गाठ धरते आणि इन्सुलिन नीट शोषले जात नाही, हे तिला बोट लावून दाखविले; तेव्हापासून कालची जागा तिच्या लक्षात असते आणि आई विसरली तर तीच टोकते. पेनचे बटण पूर्ण दाबल्यावर सुई साधारण दहा सेकंद आत ठेवावी लागते. तेवढ्या वेळात ती नवकाराची पहिली पाच पदे सावकाश म्हणते. हात धुऊन पुसल्यावाचून तपासणी करायची नाही, हा धडा तिला आंब्याने दिला. फोडी खाऊन तसेच बोट टोचले, आकडा भलताच वर आला. साबणाने हात धुऊन पुन्हा पाहिले तर तो जागेवर होता. हा गमतीचा प्रयोग तिने पाहुण्यांपुढेही करून दाखविला.

पुढची पायरी ताटाची. एका मध्यम फुलक्यात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदके असतात, हे एकदा कळल्यावर मुले आश्चर्यकारक वेगाने हिशेब करू लागतात. जैन स्वयंपाकघरातील काही फसवी ठिकाणे मात्र दाखवावी लागतात. खाखरा पातळ आणि कोरडा असला तरी कणकेचाच. पावभाजीत बटाट्याऐवजी घातलेले कच्चे केळेही पिष्टमयच. आता ती ताटाचा अंदाज आधी सांगते, मग आई वजनकाट्यावर पडताळते. ताट संपणार नसेल तर तेही आधी सांगायचे, हा करार त्या पर्युषणानंतर झाला.

सर्वांत महत्त्वाचे शिक्षण साखर कमी झाल्याचे ओळखण्याचे. थरथर, घाम, एकाएकी लागलेली भूक, कधी नुसती चिडचिड. आकडा ७० च्या खाली असला की प्रथम ग्लुकोज, बाकी सारे नंतर. लहान मुलाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.३ ग्रॅम ग्लुकोज लागते, म्हणजे २० किलोच्या बालकास साधारण सहा ग्रॅम. आपल्या मुलासाठीचे माप डॉक्टरांकडून लिहून घेऊन पुड्याच बांधून ठेवाव्यात. पेढा किंवा चॉकलेट येथे उपयोगाचे नाही, त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. त्या घरी एक पुडी उशाशी, एक दप्तरात, एक दादीच्या सामायिकाच्या पिशवीत असते.

नोंदवही मुलीच्याच हाती आहे आणि येथे वडिलांना स्वतःला सुधारावे लागले. आकडा २५० आला की त्यांचा चेहरा उतरे, “काय खाल्लेस?” असा प्रश्न येई. मुलीने तो चेहरा वाचला. एके दिवशी मीटरच्या स्मृतीत २६८ आणि वहीत १६८ आढळले. ज्या माणसाने मुनिमाच्या खोट्या नोंदी क्षणात पकडल्या, त्याच्याच घरात खोटी नोंद झाली होती आणि तिचे कारण तो स्वतः होता. आकडा हा परीक्षेतील गुण नव्हे. तो बाजारभावासारखा आहे. कळला तर पुढचा निर्णय घेता येतो, लपविला तर नुकसान वाढते. आता चढा आकडा आला की वडील विचारतात, “आता काय करायचे?” आणि तिचे उत्तर ऐकून घेतात.

लपविणे मुले घरातूनच शिकतात. ‘पुढे सोयरीक जुळायची आहे’ म्हणून मुलीचा आजार शाळेपासून, भावकीपासून दडविणारी कुटुंबे समाजात कमी नाहीत. ज्या वर्गशिक्षिकेला आजार ठाऊकच नाही, ती पेंगलेल्या मुलीला आळशी समजणार. सीबीएसईने २०१७ पासून दहावी-बारावीच्या मधुमेही परीक्षार्थींना खाऊ, फळ व पाणी परीक्षागृहात नेण्याची मुभा दिली आहे. पण सांगितलेच नाही तर सवलत कोणती मागणार?

एक धोका उलट बाजूचाही आहे. दहा वर्षांचे मूल स्वतः सुई घेऊ लागले की पालक सुटकेचा निःश्वास टाकून दूर होतात. सुई टोचण्याचे कौशल्य लवकर येते; किती युनिट, आजारपणात काय, खेळण्याआधी काय, हा विवेक येण्यास वर्षे लागतात. उलट्या होत आहेत किंवा जेवण नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण थांबवायचे नसते, हे ऐन तापात बालकाने एकट्याने कसे आठवावे? किशोरवयात तर कंटाळाही येतो. त्या वयात डोस चुकतात आणि नेमके तेव्हाच घर ‘आता ती मोठी झाली’ म्हणून निश्चिंत असते.

उपवास, एकासना यांचा प्रश्न दरवर्षी उठतो. बालकाने ते धरू नयेत, हा या कुटुंबाला डॉक्टरांनी दिलेला सल्ला. त्यावर कोणी वाद घातला नाही. यंदा पर्युषणात मुलीने आठ दिवस मोबाइलचा आणि तिच्या आवडत्या मालिकेचा त्याग केला. चौविहार मात्र तिने आग्रहाने घेतला, आगार स्वतः उच्चारून. सहाव्या रात्री तीच आईला हलवून जागी करीत होती. “मम्मी, थरथरतेय. मीटर काढले आहे, पुडी फोडू?”